'गंगाजल' : पोलीस ठाण्यातली अ‍ॅसिडची बाटली

प्रकाश झा यांचा २००३ चा 'गंगाजल' मी अनेकदा पाहिलाय. बिहारमधला तेजपूर हा काल्पनिक जिल्हा, तिथे नवा एसपी अमित कुमार (अजय देवगण) रुजू होतो आणि पाहतो, तर अख्खं ठाणं गुंड साधू यादवच्या दावणीला बांधलेलं! हा साधू यादव साकारलाय आपल्या मोहन जोशींनी, आणि काय जरब आहे त्यात!

पण चित्रपटातल्या अ‍ॅसिडचं मूळ खऱ्या घटनेत आहे. १९७९-८० मध्ये भागलपुरात पोलिसांनी तिसाहून जास्त कैद्यांचे डोळे फोडून त्यांत अ‍ॅसिड ओतलं. त्या अ‍ॅसिडला नाव दिलं होतं 'गंगाजल'. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. गरीब आरोपीला मोफत वकील देणं सरकारचं कर्तव्यच आहे, हे न्यायालयाने त्याच खटल्यात ठणकावून सांगितलं.

चित्रपटात मला सगळ्यात जास्त भिडतो मुकेश तिवारींचा बच्चा यादव. गुंडांच्या उपकाराखाली दबलेला इन्स्पेक्टर. त्याच्या चेहऱ्यावरची घालमेल बघाच.

आणि हो, हे 'बिहार' उभं राहिलं आपल्या वाईत! पुन्हा पाहाल तेव्हा कृष्णाकाठचे घाट ओळखू येतात का बघा.