मिशीवाला गुप्तहेर आणि मोलोकाईचा पाद्री

अँटवर्पचे हिरे या आठवड्यात येणार होते. ते आणखी एक आठवडा थांबतील, कारण सांगलीच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. मागच्या लेखात हर्क्यूल पॉयरोचा उल्लेख ‘जगातला सर्वांत प्रसिद्ध बेल्जियन’ असा झाला होता. त्यावर त्यांनी सरळ विचारलं आहे: जो माणूस कधी जन्मलाच नाही, त्याला पहिला नंबर कसा?

सवाल रास्त आहे. पॉयरोची बाजू आधी मांडू. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या आणि पुढच्या काळात सुमारे अडीच लाख बेल्जियन लोकांनी ब्रिटनमध्ये आसरा घेतला. त्यातली काही कुटुंबं अगाथा ख्रिस्तीच्या टॉर्की गावात आली. ती तेव्हा पहिल्या कादंबरीसाठी गुप्तहेर शोधत होती. या निर्वासितांमध्ये एखादा निवृत्त पोलिस अधिकारी असला तर? १९२० साली पॉयरो छापून आला. तेव्हापासून लोक त्याला फ्रेंच समजत आले आणि तो प्रत्येकाला बजावत आला, की आपण बेल्जियन आहोत. १९७५ मध्ये त्याच्या मृत्यूची कादंबरी यायची होती, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ६ ऑगस्टच्या अंकात पहिल्या पानावर त्याची निधनवार्ता दिली. हाडामांसाच्या किती बेल्जियनांच्या वाट्याला असं पान आलं असेल?

पण पॉयरोला घडवणारी लेखणी इंग्रज होती. काल्पनिक माणूसच निवडायचा असेल, तर टिनटिनचा हक्क मोठा. तो १० जानेवारी १९२९ रोजी ब्रसेल्सच्या एका वृत्तपत्राच्या बालपुरवणीत अवतरला. त्याचा जनक झॉर्झ रेमी ब्रसेल्सचाच. त्याने आपल्या आद्याक्षरांची अदलाबदल केली, त्यांचा फ्रेंच उच्चार ‘एर्झे’ असा होतो आणि तेच त्याचं टोपणनाव झालं. तिबेटच्या साहसात टिनटिन आणि कॅप्टन हॅडॉक दिल्लीत उतरतात, कुतुबमिनार आणि लाल किल्ला पाहतात. तिथल्या एका गल्लीत आडव्या बसलेल्या गाईला ओलांडायला जाऊन कॅप्टन तिच्या पाठीवरून वाहून जातो. ती चित्रं पाहून हसलेल्या किती मुलांना टिनटिन बेल्जियन आहे हे ठाऊक असेल?

खरी अडचण इथेच आहे. बेल्जियनांची कामं घराघरांत पोचली, माणसं मागे राहिली. जुन्या वाड्यातला काळा, गोल, खट्‌कन वाजणारा स्विच आठवून पाहा. बल्बचा होल्डर, रेडिओची तपकिरी पेटी, कुकरची मूठ. वायरमन आजही दुकानात ‘बॅकेलाइटचा होल्डर द्या’ म्हणून मागतो. त्या शब्दात लिओ बेकलंड नावाचा माणूस दडला आहे. तो घेंट शहरातल्या चांभाराचा मुलगा, जन्म १८६३. १८८९ मध्ये तो अमेरिकेला गेला. फेनॉल आणि फॉर्माल्डिहाइड उष्णता आणि दाबाखाली एकत्र आणून त्याने असा पदार्थ बनवला, जो एकदा घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही. पेटंट १९०९ साली मिळालं. संपूर्णपणे प्रयोगशाळेत तयार झालेलं हे पहिलं प्लॅस्टिक. होल्डर तापला की येणारा तो उग्र, औषधी वास अनेकांच्या नाकात अजून असेल.

दिनाँ गावच्या अडॉल्फ सॅक्सचीही हीच कथा. त्याने १८४६ मध्ये पॅरिसला सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं आणि कोर्टकचेऱ्या व दिवाळखोरी सोसत तिथेच आयुष्य काढलं. त्याचं वाद्य मात्र गोव्याच्या वादकांच्या हातून मुंबईच्या चित्रपटसंगीतात आलं आणि लग्नाच्या बँडमध्येही शिरलं. वरातीत सॅक्सोफोन वाजवणारा त्याचं आडनाव रोज उच्चारतो.

डॉक्टर वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा सांगतात, ते सूत्र घेंटच्याच अडॉल्फ केतलेचं. विश्वाची सुरुवात एका अतिसूक्ष्म अवस्थेतून झाली असं मांडणारा झॉर्झ लमेत्र शार्लरॉ गावचा, पेशाने कॅथलिक धर्मगुरू. विश्वाच्या प्रसरणाच्या नियमाला हबलच्या जोडीने त्याचंही नाव द्यावं, असा ठराव खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये केला. वेसालियस, मर्केटर, रुबेन्स ही नावं आणखी मोठी, पण बेल्जियम हा देश १८३० सालचा. त्याआधीच्या माणसांना बेल्जियन म्हणावं का, हा वाद वेगळा.

मग बेल्जियन लोक स्वतः कुणाला मानतात? २००५ मध्ये तिथे या प्रश्नावर जनमत घेतलं गेलं, एकदा नव्हे, दोनदा. फ्लेमिश दूरचित्रवाणीने डच भाषकांना विचारलं, फ्रेंच दूरचित्रवाणीने फ्रेंच भाषकांना. देश एक, प्रश्न एक, विजेते दोन. भाषावार प्रांतरचनेचा लढा पाहिलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको.

फ्रेंच भाषकांनी गायक झाक ब्रेलला निवडलं. डच भाषकांच्या यादीत तो सातवा आला. तिथे दुसरे आले पॉल यान्सेन; जुलाबावर औषध दुकानात मिळणारं लोपरामाइड त्यांच्या प्रयोगशाळेतलं. ‘टूर द फ्रान्स’ पाच वेळा जिंकणारा सायकलपटू एडी मर्क्स एका यादीत तिसरा, दुसरीत चौथा. ज्युलियस सीझरशी लढलेला सरदार अँबिओरिक्सही डच यादीत चौथा आला.

डच भाषकांनी पहिला निवडला फादर डेमियन. फ्रेंच यादीतही तो तिसरा. प्रस्तुत लेखकाचं मत त्यालाच.

योझेफ द व्हॉइस्टर, ट्रेमेलो गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. हवाई बेटांवर जायचं होतं त्याच्या थोरल्या भावाला. भाऊ आजारी पडला म्हणून हा निघाला आणि १८६४ मध्ये होनोलुलूला पोचला. कुष्ठरोग्यांना तेव्हा मोलोकाई बेटाच्या एका टोकावर नेऊन सोडत. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला उभा कडा. १८७३ च्या मे महिन्यात डेमियन तिथे उतरला, वय तेहतीस. पहिल्या रात्री त्याने एका केवड्याच्या जातीच्या झाडाखाली काढल्या. मग घरं बांधली, चर्च वाढवलं, शवपेट्या ठोकल्या, कबरी खणल्या. रोग्यांच्या भांड्यातून तो जेवला, त्यांच्याबरोबर एकच चिलीम ओढली. १८८४ च्या अखेरीस त्याचा पाय उकळत्या पाण्याने पोळला आणि त्याला काहीच जाणवलं नाही. आपल्याला काय झालं आहे, हे त्याला तेव्हा कळलं. १५ एप्रिल १८८९ रोजी तो गेला आणि त्याच झाडाखाली त्याला पुरलं.

त्यानंतर होनोलुलूच्या एका मिशनऱ्याने त्याच्यावर चिखलफेक केली. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन नुकताच त्या वसाहतीत राहून आला होता. त्याने १८९० मध्ये जाहीर पत्र लिहून त्या मिशनऱ्याला असं फटकारलं, की अब्रूनुकसानीचा दावा होईल हे त्याने स्वतःच गृहीत धरलं होतं. डेमियनचं नाव जगभर झालं त्यात या पत्राचा वाटा मोठा. आज वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये हवाई राज्यातर्फे जे दोन पुतळे उभे आहेत, त्यातला एक या बेल्जियन पाद्र्याचा.

हे नाव महाराष्ट्रातही येऊन गेलं आहे. कुष्ठरोगकार्यासाठी अमेरिकेत दिला जाणारा डेमियन-डटन पुरस्कार १९८३ साली वरोऱ्याच्या बाबा आमट्यांना मिळाला. डटन म्हणजे मोलोकाईवर डेमियनच्या हाताखाली काम करायला आलेला अमेरिकन.

दोन्ही विजेत्यांनी बेल्जियम सोडलं आणि दोघांनाही पॅसिफिकच्या बेटांवर माती मिळाली. ब्रेलची कबर हिवा ओआ बेटावर आहे. डेमियनचे अवशेष मात्र १९३६ मध्ये बेल्जियमने परत मागितले आणि लुव्हेनला नेले. मोलोकाईच्या लोकांना हे जिव्हारी लागलं. जवळजवळ साठ वर्षांनी, १९९५ मध्ये, त्याच्या उजव्या हाताचे अवशेष त्यांना परत मिळाले. जखमा बांधणारा, कबरी खणणारा तो हात त्यांनी त्याच्या मूळ कबरीत पुन्हा पुरला.

हिरे पुढच्या आठवड्यात.