पेन ड्राइव्ह लावला तरच चालणारा संगणक

या सदरात मी माणसांच्या दुखण्यांबद्दल लिहितो. आज एका संगणकाच्या दुखण्याबद्दल लिहितो आहे, कारण त्यापायी आमच्याकडच्या मधुमेह आणि रक्तदाबाच्या शेकडो रुग्णांची चार वर्षांची माहिती पुसली जाता जाता राहिली.

झाले असे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक जुना संगणक आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि विंडोज ११ पेलण्याइतके आमचे यंत्र नवे नव्हते. म्हणून एका दुरुस्तीवाल्याला बोलावून त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवून घेतली. रुग्णांची नोंद डिस्कच्या वेगळ्या भागात होती, ती त्याने तशीच ठेवली. काम चोख झाले असे सगळ्यांना वाटले. फक्त जाताना तो एवढेच म्हणाला, "हा पेन ड्राइव्ह लावूनच ठेवा, काढू नका." का, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

डेटा एंट्री करणारी आमची मुलगी तो पेन ड्राइव्ह देवाच्या अंगाऱ्यासारखा जपायची. संक्रांतीला ती माहेरी गेली. तिच्या जागी बसलेल्याने पेन ड्राइव्ह रिकामा केला, त्यावर महिन्याचा अहवाल भरला आणि परभणीला पाठवून दिला. सोमवारी सकाळी, ओपीडी खच्चून भरलेली असताना, संगणकावर काळा पडदा आणि त्यावर एक ओळ : 'नो बूटेबल डिव्हाइस'. फोनवर दुसऱ्या एका जाणकाराने निदान सांगून टाकले, "डिस्क गेली असेल, नाहीतर फॉरमॅट मारावे लागेल."

त्या दिवशी माझ्यासमोर साठीचे एक शेतकरी बसले होते. क्रिएटिनिन १.७. मूत्रपिंडाचे काम सांगणारा हा आकडा एकटा फारसे बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी १.१ होता, गेल्या वर्षी १.४ आणि आज १.७, असे असेल तर मूत्रपिंड हळूहळू हातचे जाते आहे आणि औषधे बदलायला हवीत. चार वर्षे १.७ वरच थांबले असेल तर सल्ला वेगळा. मागचे आकडे त्या काळ्या पडद्यामागे होते. त्यांच्याजवळचे कार्ड पावसात भिजून लगदा झाले होते.

आता हे 'बूट' प्रकरण काय आहे ते पाहू. संगणकाचे बटण दाबतो तेव्हा त्याला आपल्या डिस्कवर काय आहे याची काहीच कल्पना नसते. मुख्य पाटीवरच्या एका चिपमध्ये थोडासा कायमचा प्रोग्राम असतो. तो मेमरी, कीबोर्ड, पडदा जागेवर आहेत का हे तपासतो आणि मग ठरलेल्या क्रमाने एकेका डिस्कला, पेन ड्राइव्हला विचारतो, 'तुझ्याकडे सुरुवात करून देणारा कोणी आहे का?' तो सुरुवात करून देणारा म्हणजे बूट लोडर. तो सापडला की तो मुख्य प्रणालीचा गाभा डिस्कवरून उचलून मेमरीत ठेवतो, त्याच्या हाती कारभार देतो आणि बाजूला होतो. त्याचे सारे आयुष्य काही सेकंदांचे.

जुन्या पद्धतीत त्याला जागाही किती? डिस्कचा अगदी पहिला कप्पा ५१२ बाइटचा. त्यातले ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या तक्त्याला, शेवटचे २ बाइट खुणेसाठी, उरले ४४६. हल्लीच्या युनिकोड पद्धतीने लिहिले तर तेवढ्यात मराठीचे जेमतेम पंचवीस-एक शब्द मावतील. त्यामुळे तो छोटा तुकडा एवढेच करतो, की पुढे ठेवलेल्या आपल्या थोरल्या भावाला हाक मारतो. नव्या यंत्रांत ही अडचण उरलेली नाही. तिथे डिस्कवर बूट लोडरसाठी एक छोटा स्वतंत्र भागच राखलेला असतो आणि कोणता लोडर आधी चालवायचा याची यादी मुख्य पाटीच्या स्मृतीत असते.

एकाच यंत्रात विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हाच लोडर कोणीकडे जायचे ते विचारतो. सेलू-मानवतकडून आलेली गाडी परभणीला पूर्णा-नांदेडकडे जाणार की गंगाखेड-परळीकडे, हे जसे सांध्यावर ठरते तसे. सांधा बिघडला म्हणून परळी स्टेशन नकाशावरून नाहीसे होत नाही, गाडी तिथवर पोहोचत नाही इतकेच. दोन्ही प्रणाली असलेल्या यंत्रात विंडोज पुन्हा बसवले की ते बहुधा आपलाच लोडर पुढे करते आणि लिनक्स 'उडाले' अशी ओरड होते. ते उडालेले नसते. म्हणूनच जाणकार आधी विंडोज आणि मग लिनक्स बसवतात.

आमच्या यंत्रात काय झाले होते हे आमच्या एका सिस्टरांच्या मुलाने शोधले. तो परभणीत अभियांत्रिकी शिकतो. त्याने आधी दुसऱ्याच पेन ड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरते सुरू केले, म्हणजे डिस्कला हातही न लावता. मग डिस्क उघडून दाखवली. सगळ्या फायली जागच्या जागी! तो म्हणाला, "सर, डिस्क चांगली हाय. लोडरच चुकीच्या जागी टाकलाय." लिनक्स बसवताना शेवटी एक प्रश्न येतो : बूट लोडर कोणत्या डिस्कवर ठेवायचा? बसवणाऱ्याने यादीतले पहिले नाव निवडले असावे आणि ते नाव, ज्यावरून तो लिनक्स बसवत होता त्या पेन ड्राइव्हचे होते. प्रणाली आत, दाराची किल्ली बाहेर. पेन ड्राइव्ह लावला की यंत्र चाले, काढला की नाही, याचे कारण एवढेच. सूचना मात्र अशी दिली गेली, की जणू तो यंत्राचा अवयव आहे.

मुलाने घाई केली नाही हे मला विशेष आवडले. आधी सगळ्या नोंदी बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, त्यांतल्या दोन-चार उघडून पाहिल्या, आणि मगच लोडर यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर बसवला. या शेवटच्या कामाला दहा मिनिटेही लागली नाहीत. फॉरमॅट केले असते तरी यंत्र सुरू झालेच असते म्हणा, फक्त कोरे.

मधुमेहाचा रुग्ण साखर एकदम उतरून बेशुद्ध पडतो, घरचे रडत आणतात, 'गेले हो' म्हणतात. आम्ही आधी बोट टोचून साखर पाहतो. शिरेतून ग्लुकोज गेले की बऱ्याचदा काही मिनिटांत माणूस डोळे उघडतो. न तपासता बेशुद्धाला मृत ठरवणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू? संगणकाच्या बाबतीत मात्र 'फॉरमॅट मारा' हे आपण निमूट ऐकतो.

अर्थात दरवेळी गोष्ट इतकी गोड नसते. बूट लोडरची ही मोक्याची जागा खोडसाळांनी फार पूर्वीच हेरली. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीच्या याच पहिल्या कप्प्यात दडून बसे. पुढे 'मायकेलअँजेलो' आला. तो दरवर्षी ६ मार्चला जागा होऊन डिस्कची सुरुवात खरवडून टाकी. फ्लॉपीवरून असे विषाणू पसरत होते त्या काळातच, १९९० च्या दशकात, पुण्यात संगणक दुरुस्ती करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी 'क्विक हील' तयार केले.

सर्वांत मोठा घाव बसला तो २७ जून २०१७ ला. 'नॉटपेट्या' नावाच्या विषाणूने जगभरच्या संगणकांत खऱ्या लोडरच्या जागी स्वतःचा लोडर बसवला. यंत्र पुन्हा सुरू झाले की डिस्क दुरुस्त होत असल्याचा बहाणा पडद्यावर दिसे आणि त्याआड फायलींची सूचीच कुलूपबंद होई. मर्स्क ही जहाज कंपनी कोलमडली आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातले तिच्या समूहाचे कंटेनर टर्मिनलही अडले. अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या हेरिटेज व्हॅली रुग्णालयांत काही शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्याचा कणा असलेल्या नोंदींची एकमेव धड प्रत घानातल्या कार्यालयात सापडली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगचे उपकार मानावेत असा प्रसंग मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

तुमच्या घरचा संगणक असा अडला तर प्रथम लावलेले पेन ड्राइव्ह काढा. पुष्कळदा यंत्र त्यातच लोडर शोधत अडकलेले असते. (आमची तऱ्हा उलटी होती, हे खरे.) घड्याळ वर्षानुवर्षे मागे गेलेले दिसले तर मुख्य पाटीवरचा नाण्याएवढा सेल संपला असण्याची शक्यता आहे. जुन्या यंत्रांत त्याबरोबर सुरुवातीच्या क्रमाची मांडणीही विसरली जाते, आणि हा सेल स्वस्तात मिळतो. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र यंत्र लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. तो लोडरचा आजार नव्हे, तिथे डिस्कच शेवटच्या घटका मोजत असते. नव्या लॅपटॉपमध्ये माहिती आपोआप कुलूपबंद केलेली असू शकते. लोडरला किंवा सुरुवातीच्या मांडणीला हात लावला की विंडोज ४८ अंकी किल्ली मागते, आणि ती नसेल तर मी वर सांगितलेला सगळा दिलासा व्यर्थ. किल्ली आजच मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून पाहून कागदावर लिहा आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.

दुरुस्तीवाल्याला एकच प्रश्न विचारा : "फॉरमॅटच्या आधी माझ्या फायली बाहेर काढून दाखवता का?" आणि नवी प्रणाली बसवून घेतली असेल तर त्याच्यासमोर सगळे पेन ड्राइव्ह काढून यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करायला लावा. आमच्याकडे एवढे केले असते तर दोन मिनिटांत चूक दिसली असती.

त्या शेतकरी काकांना मी गुरुवारी परत बोलावले होते. नोंद उघडली : १.१, १.३, १.४, आणि आता १.७. गुडघ्यांसाठी ते दुकानातून परस्पर आणून घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या.