रेडिओ-नियंत्रित भिंतघड्याळ आणि बंगळूरचे घर

जर्मनीत वास्तव्य करणारे आप्त सुटीत बंगळूरला येताना एखादे भिंतघड्याळ भेट म्हणून आणतात. हे घड्याळ स्वतःची वेळ स्वतःच लावून घेते, असे ते कौतुकाने सांगतात. घड्याळात सेल बसविला जातो. काटे भराभर फिरून बारावर येतात आणि तेथेच थांबतात. रात्र उलटते, सकाळ होते, तरी काटे बाराच दाखवीत असतात. घड्याळ बिघडले असा घरच्यांचा समज होतो. वस्तुतः घड्याळ पूर्णपणे निर्दोष असते. ज्या हाकेची ते वाट पाहत असते, ती हाक बंगळूरपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

घड्याळाचे अंतरंग

अशा घड्याळात दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे सामान्य क्वार्ट्झ घड्याळ. त्यातील स्फटिक दर सेकंदास ३२,७६८ आंदोलने करतो व त्यांची मोजदाद करून काटे पुढे सरकविले जातात. तपमानातील फरकामुळे व स्फटिकाच्या वयोमानाने ही गती किंचित बदलते. महिन्याला १५ सेकंदांची चूक पडली, तर वर्षाअखेरीस ती ३ मिनिटांची होते. ही चूक नाहीशी करण्यासाठी दुसरा भाग योजलेला असतो. तो म्हणजे फेराइटच्या कांडीवर तारेचे वेढे देऊन केलेला आकाशक व त्याला जोडलेला लहानसा रेडिओ-ग्राहक. हा ग्राहक एकाच केंद्राचा संदेश ऐकू शकतो.

जर्मनीतील मेनफ्लिंगेन येथील ‘डीसीएफ ७७’ हे केंद्र ७७.५ किलोहर्ट्झ कंपनसंख्येच्या दीर्घ लहरी प्रक्षेपित करते. या लहरींची लांबी जवळजवळ ४ किलोमीटर असते. केंद्रातील आण्विक घड्याळांच्या आज्ञेनुसार दर सेकंदाच्या प्रारंभी लहरींची शक्ती क्षणभर कमी केली जाते. ही घट सेकंदाचा एकदशांश भाग टिकली तर ‘शून्य’ आणि दोनदशांश भाग टिकली तर ‘एक’, असा संकेत ठरलेला आहे. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदास मात्र घट मुळीच केली जात नाही. त्यावरून नवे मिनिट सुरू होत असल्याचे घड्याळास कळते. मिनिटांच्या आकड्यासाठी १, २, ४, ८, १०, २० व ४० या किमतींची सात स्थाने राखून ठेवलेली आहेत. समजा, येणारे मिनिट ३७ वे आहे. तर १, २, ४, १० व २० या स्थानी ‘एक’ येतो व उरलेल्या स्थानी ‘शून्य’. तास, तारीख, वार, महिना व वर्ष हेही याच रीतीने कळविले जातात. संपूर्ण संदेशास एक मिनिट लागते.

मांडणीची नेहमीची रीत

जेथे संदेश पोहोचतो, तेथे मांडणी सोपी असते. नवा सेल बसवावा व काटे बारावर येऊन थांबेपर्यंत त्यांना हात लावू नये. काट्यांचे स्थान यंत्रास याच वेळी समजते. घड्याळ खिडकीजवळ, दूरचित्रवाणी संच, संगणक व लोखंडी कपाट यांपासून दूर ठेवावे. फेराइटची कांडी केंद्राच्या दिशेशी काटकोनात असता संदेश सर्वांत चांगला मिळतो. म्हणून एका भिंतीवर यश न आल्यास लगतची भिंत वापरून पाहावी. दीर्घ लहरी रात्री अधिक दूरवर जातात. यास्तव घड्याळ एक रात्र तसेच राहू द्यावे.

बंगळूरमधील अडचण

मेनफ्लिंगेनच्या केंद्राचा पल्ला सुमारे २,००० किलोमीटर मानला जातो आणि बंगळूर तेथून ७,००० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. इंग्लंड, अमेरिका, जपान व चीन येथेही अशी केंद्रे आहेत. परंतु त्यांपैकी कोणाचाही संदेश बंगळूरमध्ये भरवशाने मिळत नाही. भारतात घरगुती घड्याळांसाठी दीर्घ लहरींवरील असे केंद्र नाही. दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा पूर्वी ‘एटीए’ या नावाने लघु लहरींवर कालसंकेत पाठवीत असे. परंतु तो या घड्याळांच्या उपयोगाचा नव्हता.

दुसरी अडचण अर्ध्या तासाची आहे. भारतीय प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते व ती जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असते. काही परदेशी घड्याळांत केवळ पूर्ण तासांचाच फरक लावण्याची सोय असते. शिवाय युरोपात उन्हाळ्यात वेळ एक तास पुढे केली जाते. भारतात तशी प्रथा नाही.

सूर्यावरून वेळ पडताळू पाहणाऱ्यांनीही सावध राहावे. बंगळूर ७७.६ अंशांवर असल्याने तेथील स्थानिक वेळ प्रमाण वेळेच्या सुमारे २० मिनिटे मागे असते. मुंबईत हा फरक ३९ मिनिटांचा असून, १९०६ साली प्रमाण वेळ लागू झाल्यावरही त्या शहराने आपली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत जपली होती.

उपाय

भेट मिळालेले घड्याळ टाकून देण्याचे कारण नाही. पाठीमागे हाताने वेळ लावण्याचे बटण असल्यास ते साधे क्वार्ट्झ घड्याळ म्हणून उत्तम चालते. संदेशाचा शोध बंद करण्याची सोय असल्यास ती वापरावी. अन्यथा रोज रात्रीच्या निष्फळ शोधात सेल लवकर संपतो. मात्र सेल बदलल्यावर वेळ पुन्हा हातानेच लावावी लागेल. असे बटण नसलेले घड्याळ भारतात आणू नये, हे उत्तम. वेळ जुळविताना आकाशवाणीच्या बातम्यांपूर्वीचे ठोके साध्या रेडिओवर ऐकावेत. इंटरनेटवरून येणारे तेच प्रक्षेपण काही सेकंद मागे असते.

नवे घड्याळ घ्यावयाचे असल्यास दोन प्रकार बंगळूरला उपयोगी आहेत. पहिला प्रकार घरातील वाय-फायमधून इंटरनेटवरील वेळ घेतो. दुसरा उपग्रहांकडून घेतो व त्याच्या आकाशकास मोकळे आकाश दिसावे लागते. दोहोंतही साडेपाच तासांचा फरक लावता येतो, याची खरेदीपूर्वी खात्री करावी.

भारतीय प्रमाण वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सीझियम घड्याळे व हायड्रोजन मेसर यांच्या साहाय्याने राखली जाते. १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर एक जादा सेकंद तेथेच मिळविण्यात आला. ही वेळ देशभर पोहोचविण्याच्या योजनेत बंगळूरच्या प्रादेशिक संदर्भ मानक प्रयोगशाळेचाही समावेश आहे. शहरालगत ब्याळालू येथे भारताच्या ‘नाविक’ उपग्रहांची वेळ राखणारे केंद्र आहे. अचूक वेळ बंगळूरला परकी नाही. परदेशातून आलेल्या घड्याळास तिची भाषा तेवढी अवगत नसते.