मसालेभाताचं पाणी

माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक महिना लागला की पुरुषोत्तमाच्या दर्शनाला तिथे माणसांची रीघ लागते आणि इकडे घराघरांत जावयाच्या धोंड्याच्या जेवणाची तयारी सुरू होते. पुरणाचे धोंडे, कटाची आमटी, भजी, कुरडया आणि मसालेभात. मसालेभात बहुतेक घरांत कांदा-लसणाशिवायच होतो, कारण आधी नैवेद्य दाखवायचा असतो.

आमचा भाग ज्वारीचा. सिंदफणेवर धरण झालं, पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी त्यात येऊ लागलं, रानात ऊस उभा राहिला. पण भाताची खाचरं काही इथे आली नाहीत. तांदूळ बाहेरून येतो. जुन्या माणसांसाठी भात हे सणाचं, लग्नाचं, पाहुण्याचं अन्न होतं. रोज भाकरी थापणाऱ्या हाताला भाकरीचा अंदाज आपसूक असतो. भाताचा तसा नसतो, म्हणून ऐन पंगतीच्या दिवशी मसालेभात गिचका होतो. मग दोष मसाल्याला दिला जातो. माझा अनुभव वेगळा आहे. मसालेभात बिघडतो तो पाण्यामुळे, आणि पाण्याचा हिशेब एकदा समजला की तो सहसा बिघडत नाही.

सुरुवात तांदळापासून करू. तांदळात दोन तऱ्हेचं स्टार्च असतं, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, कमी असेल तर चिकट. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर वरणभाताला फार गोड, पण मसालेभातात ही शितं एकमेकांना धरून बसतात. इथे कोलम किंवा एचएमटी घ्यावा. एचएमटी हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुटपुंज्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या ओंब्या वेचून, त्याच पुन्हा पुन्हा पेरून तयार केलं. त्या काळी गाजलेल्या घड्याळाचं नाव त्याला मिळालं. 2018 साली ते गेले. हा तांदूळ रांधणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं नाव माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

तांदूळ जुना हवा, निदान वर्षाचा. साठवणीत दाणा कडक होत जातो, पाणी जास्त पितो आणि शिजल्यावरही आपला आकार सोडत नाही. नव्याचा भात मऊ आणि चिकट होतो. दोन-तीन पाण्यांनी हलक्या हाताने धुवावा, म्हणजे वरची भुकटी निघून जाईल. चोळून धुतला तर दाणे तुटतात, आणि तुटक्या टोकांतून स्टार्च पाण्यात उतरतं. मग रोवळीत किंवा चाळणीत अर्धा तास निथळत ठेवावा.

चार-पाच माणसांना दोन वाट्या तांदूळ पुरतो. त्याला वाटीभर तोंडली, चार लहान वांगी, हंगाम असेल तर अर्धी वाटी मटार. तोंडल्यांचे उभे चार काप करावेत. वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाकावीत, नाहीतर हवेने काळी पडतात. काजू परवडले तर घाला. आमच्याकडे मूठभर शेंगदाणे घालतात आणि मला तेच जास्त आवडतात.

मसाला म्हणजे आमचा काळा मसाला. घरी थोडाच करायचा असेल तर एक वाटी धने, अर्धी वाटी सुकं खोबरं, दोन चमचे तीळ, एकेक चमचा जिरे आणि शहाजिरे, दहा लवंगा, दहा-बारा मिरे, दोन बोटं दालचिनी, दोन तमालपत्रं आणि चिमूटभर दगडफूल. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. तीळ क्षणात तडतडतात, धन्यांना वेळ लागतो, खोबरं लाल व्हायला आणखी वेगळा. सगळे एकत्र टाकले तर तीळ करपून कडू होतात तरी धने कच्चेच राहतात. दगडफूल खरं तर फूल नाहीच. खडकावर, झाडाच्या सालीवर बुरशी आणि शैवाल मिळून जगतात, ते हे. कच्चं असताना त्याला फारसा वास नसतो. तेलात पडलं की तो धुरकट, मातकट गंध सुटतो, ज्याच्यावरून मांडवाबाहेरच कळतं की आत मसालेभात चढलाय.

एक चूक मात्र आवर्जून टाळावी. घरात येसर तयार आहे म्हणून तोच भातात घालू नये. येसरात भाजलेल्या धान्या-डाळींचं पीठ असतं. आमटीला दाटपणा येतो तो त्यानेच. भातात तेच पीठ शितांमध्ये खळीसारखं बसतं.

आता चूल. जाड बुडाचं, पसरट पातेलं घ्यावं. चार मोठे चमचे तेल तापवून मोहरी तडतडू द्यावी, मग जिरे, हिंग, दोन तमालपत्रं, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, शेंगदाणे, दोन-तीन हिरव्या मिरच्या आणि शेवटी हळद. मसाल्यांचा बहुतेक गंध तेलात विरघळतो, पाण्यात फारसा उतरत नाही. फोडणीत सुटला नाही तो नंतर शिजवूनही नीट सुटत नाही. मग तोंडली टाकून झाकण ठेवून चार मिनिटं वाफ द्यावी. तोंडली तांदळापेक्षा हट्टी असतात, त्यांना ही पुढची चाल द्यावीच लागते. वांगी आणि मटार त्यानंतर, एखादा मिनिट.

त्यावर निथळलेला तांदूळ आणि दोन चमचे काळा मसाला घालावा. मसाला नुसत्या तेलात आधी टाकला तर करपतो. भाजीच्या ओलाव्यात तो सुरक्षित राहतो. मंद आचेवर तीन-चार मिनिटं उलथण्याने खालून वर परतत राहावं. दाणा पांढुरका दिसून उलथण्यावरून सुटा घरंगळू लागला की झालं. प्रत्येक दाण्याला तेलाचं अस्तर बसतं आणि शिजताना तो शेजाऱ्याला सहज चिकटत नाही.

आता पाणी. तांदळाच्या दुप्पट, असं सगळे सांगतात. दोन वाट्यांना चार, हे उघड्या पातेल्यात बरोबरच आहे, पण त्यातलं सगळं पाणी तांदूळ पीत नाही. माझ्या मापाने, दोन वाट्या जुना तांदूळ साधारण तीन वाट्या पाणी पितो. उरलेली एक वाटी वाफ होऊन जाते. पितो ते पाणी तांदळाच्या मापाने वाढतं. उडून जातं ते पातेल्याच्या तोंडावर आणि शिजायला लागणाऱ्या वेळावर ठरतं. म्हणून पंगतीसाठी आठ वाट्या तांदूळ घेतला तर सोळा वाट्या पाणी घालू नये. तांदळाला बारा, वाफेला मोठ्या पातेल्याच्या हिशेबाने दोन, अशा चौदा पुरतात. घरी चौघांना सुरेख भात करणाऱ्या बाईचा वीस माणसांचा भात गचगचीत होतो तो याच दोन वाट्यांपायी. आणि कुकरमध्ये वाफ जवळजवळ बाहेर जातच नाही, तेव्हा दोन वाट्यांना सव्वातीनच्या वर पाणी नको.

पाणी उकळतं घालायचं. दुसऱ्या शेगडीवर आधण तयारच ठेवावं. साधारण सत्तर अंशांच्या आसपास स्टार्च फुगू लागतं; गार पाणी ओतलं तर तिथवर पोचायला वेळ लागतो, तोवर दाणा भिजत राहतो आणि भाजीचा लगदा होतो. मीठ आणि सुपारीएवढा गूळ याच वेळी घालून आधणाची चव घ्यावी. ते किंचित खारट लागलं तरच भात बेताचा होतो.

सात-आठ मिनिटं मोठ्या आचेवर उघडंच उकळू द्यावं. पाणी तांदळाच्या पातळीला आलं आणि वर भोकं दिसू लागली की पातेल्याखाली तवा सरकवावा, आच मंद करावी, झाकण ठेवून झाकणावर थोडं पाणी ओतावं. झाकण वाफेपेक्षा गार राहतं, वाफ त्याला आतून लागून थेंबथेंब परत भातात पडते. आणि भात कोरडा वाटला तर शिंपडायला झाकणातलं गरम पाणी हाताशी असतं. दहा-बारा मिनिटं डाव घालू नये. फुगलेली शितं या वेळी सगळ्यात नाजूक असतात. ढवळलं की फुटतात. मग एक शीत बोटांत दाबून पाहावं. मधे कणी लागली तर चार चमचे पाणी शिंपडून आणखी तीन मिनिटं.

त्यानंतर शेगडी बंद, आणि पुन्हा दहा मिनिटं झाकण. तळाशी ओल जास्त असते, वर कमी. ती या वेळात सारखी होते आणि शितं जरा निवून घट्ट होतात.

आपल्या शेजारी हाच पदार्थ वेगळ्या वाटेने होतो. कर्नाटकातल्या वांगीभाताला भात वेगळा शिजवून नंतर भाजी-मसाल्यात कालवतात. हैदराबादी बिर्याणीला तांदूळ अर्धा शिजवून थर लावून दम देतात. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाच्याच राज्यात होतो, तरी आमच्या पंगतीतला हा भात एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात शिजत राहिला. म्हणूनच वांग्याची, तोंडल्याची चव शितात मुरते. पण म्हणूनच पाणी चुकलं तर दुरुस्तीला जागाही उरत नाही.

वाढताना वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि साजूक तूप. धोंड्याच्या पानात शेजारी कटाची आमटी असतेच.

माझी मापं माझ्या पातेल्याची आहेत. तुमच्या पातेल्यात, तुमच्या तांदळाला किती पाणी लागलं ते एकदा कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा, आणि तांदळाचं नवं पोतं फोडलं की पाहुण्यांच्या आधी घरच्यांसाठी एकदा करून तो आकडा तपासून घ्या.