साध्या लग्नाचा नवरदेव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोठ्या लग्नात नवरदेवाला इतर माणसं तयार करतात. आत्या-मावश्या हळद लावतात, ठरलेला माणूस येऊन फेटा बांधतो, कागदांची फाईल काका सांभाळतात आणि निघायची वेळ झाली की मामा हाक मारतात. लग्न साधं करायचं ठरलं की ही माणसं आणि हा थाट कमी होतो, पण कामं तशीच राहतात. ती आता नवरदेवाच्या स्वतःच्या अंगावर येतात. नेमकं हेच बऱ्याच मुलांच्या उशिरा लक्षात येतं, कारण साध्या लग्नाविषयी कानावर पडलेल्या अनेक गोष्टी अर्धवट खऱ्या किंवा साफ चुकीच्या असतात. त्यातल्या नेहमीच्या गोष्टी एकेक करून पाहू.

गैरसमज 1: कोर्टात गेलं की एका दिवसात लग्न होतं.

वस्तुस्थिती: ज्याला आपण कोर्ट मॅरेज म्हणतो ते न्यायाधीशासमोर होत नाही. ते विवाह अधिकाऱ्यासमोर, विशेष विवाह कायदा 1954 नुसार होतं. मुंबई शहरात हे कार्यालय फोर्टमधल्या जुन्या जकात घरात आहे. इतर जिल्ह्यांतही असे अधिकारी असतात. दोघांपैकी निदान एकजण ज्या जिल्ह्यात सलग 30 दिवस राहत आहे, त्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे आधी नोटीस द्यावी लागते. त्यानंतर 30 दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावावं लागतं. ही मुदत उलटली तर पुन्हा नवी नोटीस द्यावी लागते.

हे कॅलेंडरवर मांडून पाहा. 2 नोव्हेंबरला नोटीस दिली, तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंतची तारीख हातात राहते. त्यात सरकारी सुट्ट्या आणि साक्षीदारांच्या रजा धरायच्या. कचेरीबाहेर कुणी ‘आज अर्ज, आज लग्न’ असं सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. त्याच दिवशी मिळू शकतं ते आधी झालेल्या लग्नाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. नव्याने लावायच्या नोंदणी विवाहाला ही वाट चालत नाही.

गैरसमज 2: दोघांनी जाऊन सह्या केल्या की झालं.

वस्तुस्थिती: तीन साक्षीदार लागतात, आणि तिघांकडे स्वतःचं ओळखपत्र असावं लागतं. नवरदेवाचं वय 21 पूर्ण असल्याचा पुरावा म्हणजे जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. सोबत पत्त्याचा पुरावा आणि फोटो. आधी घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा लागतो, शिवाय अपिलाची मुदत संपलेली असावी लागते. पत्नी वारली असेल तर तिचा मृत्यूदाखला.

सगळ्या कागदांवरचं नाव एकसारखं आहे का, हे आजच तपासा. दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, आधारवर फक्त नाव-आडनाव, पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंग वेगळं, असं फार घरांत असतं. ही दुरुस्ती लग्नाच्या आठवड्यात होत नाही. मूळ कागद एका फाईलमध्ये, झेरॉक्सचे दोन संच दुसऱ्या फाईलमध्ये, आणि दोन्ही फाईल तुमच्याच हातात.

सहीआधी तोंडी वचनही असतं. वराने वधूचं नाव घेऊन तिला कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं अधिकारी आणि साक्षीदारांसमोर स्पष्ट बोलायचं असतं, आणि तिनेही तसंच. दोघांना समजेल त्या कोणत्याही भाषेत हे बोलता येतं, म्हणजे मराठीत बोला. कायद्याने आवश्यक असलेले शब्द एवढेच आहेत. बाकी हार, मंगळसूत्र, अक्षता हे सगळं तुमच्या इच्छेवर आहे. ते वाक्य आदल्या दिवशी दोन-चार वेळा मोठ्याने म्हणून पाहा. त्या टेबलासमोर अनेकांचा घसा कोरडा पडतो.

गैरसमज 3: देवळात हार घातले, फोटो काढले, नोंद केली की लग्न पक्कं.

वस्तुस्थिती: हिंदू विवाह कायदा 1955 नुसार लग्न हे दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणेच्या विधींनी लागतं. रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल टाकल्यावर ते पूर्ण होतं. विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणी प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं. आळंदीला जाऊन लग्न लावणाऱ्यांनी म्हणूनच विधी नीट होऊ द्यावेत. घाईत अर्धवट उरकू नयेत. नंतर महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्यानुसार 90 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा वॉर्ड कार्यालयात नोंद करावी.

हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तरच लागू होतो. दोघांपैकी एकजण मुस्लिम किंवा ख्रिश्चन असेल आणि कुणालाही धर्म बदलायचा नसेल, तर विशेष विवाह कायदा हाच सरळ मार्ग. गच्चीवर चार मित्रांसमोर स्वतः लिहिलेल्या शपथा घेऊन लग्न करायचं असेल तर जरूर करा, पण कायद्याचं लग्न आधी अधिकाऱ्यासमोर लावा. काही अंतरापर्यंत जादा शुल्क भरून अधिकाऱ्याला लग्नस्थळी बोलावण्याची सोयही कायद्यात आहे.

गैरसमज 4: घरच्यांनी हरकत घेतली की लग्न थांबतं, आणि नोंदणी विवाह केला की वडिलोपार्जित हक्क जातो.

वस्तुस्थिती: हरकत कुणीही घेऊ शकतो, पण ती कायद्यातल्या अटींपुरतीच चालते. वय, आधीचा जोडीदार हयात असणं, संमती देण्याची मानसिक क्षमता आणि निषिद्ध नातं, एवढीच कारणं आहेत. जात, पत्रिका, आईवडिलांची नापसंती ही कारणं त्यात बसत नाहीत. हरकत आलीच तर अधिकाऱ्याने 30 दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो.

मालमत्तेची भीती बहुतेक घरांत ऐकीव असते. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर 1976 च्या दुरुस्तीनंतर विशेष विवाह कायद्याने लग्न केल्यामुळे एकत्र कुटुंबातलं स्थान बदलत नाही, वारसाहक्कही बदलत नाही. जोडीदार अन्य धर्माचा असेल तर तुम्ही एकत्र कुटुंबातून विभक्त झाल्याचं कायदा मानतो, पण विभक्त होणं म्हणजे हिस्सा गमावणं नव्हे. वडिलांशी बोलण्याआधी हा फरक वकिलाकडून नीट समजून घ्या. संतापाच्या भरातलं निम्मं भांडण तिथेच मिटतं.

गैरसमज 5: रक्तगट एकच असेल तर लग्न करू नये.

वस्तुस्थिती: पत्रिकेतल्या एकनाडीशी हा समज कुणीतरी जोडून दिला आणि तो आजही चांगली स्थळं मोडतो. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असण्यात काहीही धोका नाही. काळजी एका परिस्थितीत घ्यायची असते: बायको आरएच निगेटिव्ह आणि नवरा आरएच पॉझिटिव्ह असेल तेव्हा. त्यावर अँटी-डी इंजेक्शनचा पक्का उपाय आहे. ते साधारण गरोदरपणाच्या 28 व्या आठवड्यात देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांत पुन्हा देतात. लग्न मोडायचं कारण यात कुठेच नाही.

खरी तपासणी वेगळीच आहे, आणि ती फार थोडे नवरदेव करतात. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचा वाहक माणूस अगदी ठणठणीत असतो, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. विदर्भ आणि नंदुरबार भागात सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे, म्हणून तिथल्या मुलांनी तर ही तपासणी टाळूच नये. हिमोग्लोबिनच्या प्रकारांची एक रक्ततपासणी केली की उत्तर मिळतं. सोबत एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीची तपासणीही होऊ द्या. मुलीचे रिपोर्ट मागण्याआधी स्वतःचे तिच्या हातात द्या. विश्वासाची सुरुवात अशीच होते.

गैरसमज 6: लग्नाआधी आठवडाभर चेहऱ्यावर मेहनत घेतली की उजळता येतं.

वस्तुस्थिती: शेवटच्या आठवड्यातलं पहिलंवहिलं फेशियल किंवा ब्लीच म्हणजे लग्नाच्या दिवशी चेहऱ्यावर पुरळ ओढवून घेणं. काही करायचंच असेल तर महिनाभर आधी करून त्वचेला सवय होऊ द्या. झटपट गोरं करणाऱ्या अनेक क्रीममध्ये स्टिरॉइड असतं. चार दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाली येते, मुरूम उठतात आणि क्रीम थांबवलं की त्रास आणखी वाढतो. मेडिकलमधून मित्राच्या सांगण्यावरून आणलेली अशी ट्यूब चेहऱ्याला लावू नका.

दाढी किंवा केस रंगवणार असाल तर तो रंग दोन दिवस आधी कानामागे थोडासा लावून पाहा. काळ्या रंगातल्या पीपीडी या रसायनाची अ‍ॅलर्जी अचानक येऊ शकते. हातावर गडद काळी उमटणारी ‘काळी मेंदी’ याच रसायनामुळे काळी असते. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी ते तपकिरी येतो. हळदीने माणूस गोरा होत नाही, तिचा पिवळेपणा मात्र बोटांवर, कानांच्या पाळ्यांवर आणि कपड्यांवर राहतो. तो उन्हात फिका पडतो, म्हणून हळद लागलेला पांढरा सदरा धुऊन कडक उन्हात वाळवावा. हळद लावताना रेशमी कुर्ता अंगावर नको.

गैरसमज 7: साधं लग्न आहे, कपडे-चपलांचा काय विचार करायचा!

वस्तुस्थिती: साधा पोशाख जास्त विचार मागतो, कारण त्यात चूक झाकायला जरीचा शेला नसतो. सुती किंवा टसरचा कुर्ता शिवून घ्या आणि तो घालून तीन गोष्टी करून पाहा: पाटावर मांडी घालून बसा, हार घालायला दोन्ही हात खांद्यावर न्या, आणि टेबलाशी वाकून सही करा. काखेत ओढ बसत असेल किंवा बाही मनगटावरून सरकत असेल तर शिंप्याकडे परत जायला वेळ हवा, म्हणून कपडा पंधरा दिवस आधी हातात पाहिजे. कोरी कोल्हापुरी पहिल्या दिवशी हमखास चावते. तिचं चामडं कडक असतं. अंगठ्याजवळचा पट्टा आणि टाचेची कड मऊ होईपर्यंत ती घरात रोज तासभर वापरा. तयार फेटा घेणार असाल तर डोक्याचं माप देऊन घ्या. सैल फेटा वाकताना पुढे येतो, घट्ट फेट्याने तासाभरात कपाळ दुखतं.

गैरसमज 8: बाकीचं काय ते लग्नानंतर बोलू.

वस्तुस्थिती: लग्नानंतर बायकोचं नाव-आडनाव आपोआप बदलत नाही आणि बदलावं असा कोणताही कायदा नाही. तिला ठेवायचं ते नाव ती ठेवेल. तुमच्या घरचे हा विषय काढणार असतील तर त्यांच्याशी आधी बोलणं हे तुमचं काम आहे, तिचं नव्हे. तुमच्या नावावरचं कर्ज, दरमहा गावी पाठवायचे पैसे, आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्च, राहायचं कुठे, स्वयंपाक आणि धुणीभांडी कोण करणार, मूल हवं तर कधी, हे सगळं नोटीस देण्याआधी बोलायचं असतं. स्वयंपाक येत नसेल तर फेट्याच्या दुकानात जाण्याआधी वरण-भात, पोळी आणि एक भाजी शिका.

महाराष्ट्रात साध्या लग्नाची वाट जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी घालून दिली. 24 सप्टेंबर 1873 ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला सावित्रीबाईंच्या पुढाकाराने पहिला सत्यशोधक विवाह लागला. जोतीरावांनी 1887 साली छापलेल्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न वरापुढे उभा करते आणि वर त्या हक्कांसाठी झटण्याची शपथ घेतो. पैसा वाचवणं हा त्या साधेपणाचा एक भाग होता. दुसरा आणि मोठा भाग नवरदेवाने सर्वांसमोर स्वीकारलेली जबाबदारी हा होता. तुमचं लग्न साधं असेल तर खर्चासोबत ही जबाबदारी कापली जाणार नाही एवढं पाहा. त्यासाठी या आठवड्यात दोन गोष्टी करा: कागदांची फाईल लावा आणि तिच्याबरोबर बसून पैशांचा व कामांचा हिशेब मोकळेपणाने मांडा. कुर्ता त्यानंतर शिवायला टाका.