जमिनीची मालकी कोण ठरवते?

वडिलांच्या पश्चात शेतजमिनीचा वाद उद्भवला, की अंबाजोगाई तालुक्यातील कुटुंबे प्रथम तलाठी कार्यालयाकडे धाव घेतात. सातबाऱ्यावर भावाचे नाव लागले म्हणजे आपली जमीन गेली, असा समज होतो आणि महसुली अपिलांतच वर्षे निघून जातात. म्हणून काही गोष्टी आम्ही येथे स्पष्ट करीत आहोत.

मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केलेल्या फेरफाराविरुद्ध ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. परंतु महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार ही नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी मानली जाते. नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे.

मालकीचा निर्णय दिवाणी न्यायालय देते. जमीन जेथे, तेथेच दावा, हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ चा नियम आहे. वारस पुण्या-मुंबईत असले तरी येथील जमिनीचा दावा अंबाजोगाईच्या न्यायालयातच दाखल करावा लागतो. मात्र कुळाचा प्रश्न मराठवाड्यात १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यानुसार महसूल अधिकारी ठरवतात.

मालकी घोषित करून घेण्यास सामान्यतः ३ वर्षे आणि मालकीच्या आधारे ताबा मिळविण्यास १२ वर्षे मुदत असते. महसुली अपील चालू आहे म्हणून ती आपोआप थांबत नाही. भगिनींना तर विधी सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळतो. लोकअदालतीत समेट झाला, तर जमिनीबरोबर नातेही टिकते.