इंटरनेटचा वेग कसा मोजावा

विहिरीवरील पंप किती पाणी देतो हे पाहावयाचे झाल्यास आपण त्याखाली २०० लिटरचे पीप ठेवतो. ते २० सेकंदांत भरले, तर पंप सेकंदाला १० लिटर पाणी देतो. इंटरनेटचा वेगही याच रीतीने मोजतात. चाचणीचे अ‍ॅप दूरच्या संगणकावरून माहिती आणते आणि आलेल्या माहितीस लागलेल्या सेकंदांनी भागते.

मापांचा घोटाळा मात्र येथे ध्यानी घ्यावयास हवा. कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात. छायाचित्राचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट आणते. पुष्कळ ग्राहकांस आपण फसलो असे वाटते, त्याचे मूळ बहुधा या आठपटीत असते.

जाहिरातीतील आकडा बहुतेक डाउनलोडचा, म्हणजे माहिती आपल्याकडे येण्याचा असतो. शेतकऱ्याचे काम पुष्कळदा अपलोडवर अडते. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू आहे. तीत पिकाचे छायाचित्र मोबाइलवरून पाठवावे लागते. समजा, छायाचित्र ४ मेगाबाइटचे, म्हणजे ३२ मेगाबिटचे आहे. अपलोडचा वेग २ मेगाबिट असल्यास ते १६ सेकंदांत जाईल. अर्धा मेगाबिट असल्यास ६४ सेकंद लागतील. मुदतीच्या अखेरच्या दिवशी सारा गाव एकाच टॉवरवर येतो. पाटावर सर्वांनीच दारे धरली की टोकाच्या वावरास पाणी पोहोचत नाही, तसाच हा प्रकार. यास्तव नोंद मुदतीच्या आरंभीच करावी, व शक्य तर भल्या पहाटे उजाडताच.

चाचणीत मिलिसेकंदांचाही एक आकडा दिसतो. दार उघडल्यापासून पाणी वाफ्यात शिरेपर्यंतचा जसा वेळ, तसा हा विलंब होय. तो जितका कमी तितके दृक्‌श्राव्य बोलणे सुरळीत.

ग्रामसेवकांनी एकाच चाचणीवर मत बनवू नये. सकाळी, दुपारी व रात्री मोजून तिन्ही आकडे लिहून ठेवावेत. मोजताना त्या जोडणीवरील इतर कामे थांबवावीत. केंद्र शासनाने २०२३ मध्ये ब्रॉडबँडसाठी डाउनलोडचा किमान वेग २ मेगाबिट ठरविला आहे. तक्रार करताना हा आकडा व आपली नोंद सोबत ठेवावी. चाचणीसही डेटा लागतो: १०० मेगाबिट वेगाने १० सेकंद मोजल्यास १२५ मेगाबाइट खर्ची पडतात.